दादा आउट होता का, तुम्ही विचारलंत म्हणून

गेली पंधरा वर्षं मी पिग्मी गोळा करतो. रोज संध्याकाळी बाजारातली दुकानं आणि वाडीतली घरं मिळून साठेक ठिकाणी जायचं, वीस, पन्नास, शंभर जे काय देतील ते घ्यायचं, मशीनवर नोंद करायची आणि पावती फाडून द्यायची. ती पावती बाहेर येईपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात. तेवढ्यात आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "काय रे, खराच आउट होतो तो?"

तो म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. गावच्या क्रिकेटच्या फायनलला अंपायर म्हणून मी त्याला आउट दिला होता.

मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईकर आले की हाच प्रश्न जरा फिरवून येतो. "सख्ख्या भावाला आउट द्यायचं धाडस कसं झालं तुझं?" दादा आउट होता हे त्यांनी धरलेलंच असतं. नव्या जावयाला माझी ओळख करून देताना "हाच तो" म्हणतात. गेल्या शिमग्यात एकानं शाळेतल्या पोरांसमोर माझं उदाहरण दिलं. मी मान खाली घालून उभा राहिलो, तर लोकांना वाटलं लाजला.

तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. हो किंवा नाही एवढंच हवं असेल, तर ते माझ्यापाशी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आणखी एक सांगतो, राग मानू नका. विचारणाऱ्यांतले निम्मे लोक "मी थंयच होतंय" म्हणतात. तुम्ही नव्हता. तो दिवस २३ मे १९९९, रविवार. इंग्लंडात वर्ल्ड कप चालू होता आणि त्या दिवशी ब्रिस्टलला भारताची केनियाशी मॅच होती. चार दिवस आधी, १९ मेला, सचिनचे वडील गेले होते. सचिन मुंबईला येऊन अंत्यसंस्कार करून परत गेला होता आणि त्या दिवशी खेळणार होता. आमच्या वाडीत रंगीत टीव्ही एकाच घरी. दुपारी तीनपासून त्या घराच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पुळणीवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवर, आमची फायनल चालू होती, तिथे दोन टीम, स्कोअर लिहिणारे गुरुजी, लाउडस्पीकरवर बोलणारा पोरगा, कमिटीची चार माणसं आणि टीव्हीसमोर जागा न मिळालेली पोरं, एवढेच. पन्नासच्या वर माणूस नव्हतं. त्यांतलीही बरीच शेवटच्या ओव्हरच्या आधी उठून गेली. म्हणजे ज्या गोष्टीचे आज दोनशे साक्षीदार आहेत, ती बघायला वीस-पंचवीस जण होते. त्यांतही जवळून बघणारा मी एकटा.

फायनल संध्याकाळी कशी काय ठेवली, असंही विचारतात. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला होता. अधिकात लग्नं नाहीत, म्हणून मे असूनही मुंबईकर मोकळे होते. एरवी मेमध्ये आज हळद, उद्या लग्न, परवा पूजा, अकरा माणसं एका जागी मिळायची नाहीत. सोमवारी सकाळी त्यांच्या परतीच्या गाड्या होत्या, त्यामुळे रविवार सोडून दुसरा दिवस नव्हता. किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणारे तात्या तिथी बघून म्हणाले, हरकत नाही. आमच्याकडे भरतीचा हिशेब सोपा. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती पुरी होते. त्या दिवशी नवमी, म्हणजे पावणेसात. पण अष्टमी-नवमीला भांग असतो. उधाणासारखं पाणी सुरूच्या झाडांपर्यंत चढत नाही. "भांग आसा, पाणी पिचपर्यंत येवचा नाय," असं तात्या बोलले आणि ते खरंच ठरलं. पाणी पिचपर्यंत आलं नाही, मी उभा होतो तिथपर्यंत आलं.

पुढचं सगळं त्यावरूनच घडलं, म्हणून आमची पुळण कशी आहे ते नीट सांगतो. पिच किनाऱ्याला समांतर, दक्षिणोत्तर. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सुरूची झाडं. बॉलिंग एकाच टोकाकडून, उत्तरेकडून. बॅट्समन दक्षिणेच्या टोकाला, म्हणजे उजव्या हाताच्या बॅट्समनची लेग साइड समुद्राकडे. लेग अंपायर, म्हणजे बॅट्समनच्या बाजूला उभा राहून रन आउट बघणारा, बॅटिंगवाल्यांचा, ही आमच्याकडची पूर्वापार रीत. मुख्य अंपायर शेजारच्या गावचे, दोन्ही टीमना चालणारे. मी पंधरा वर्षांचा, गाववाल्यांच्या टीमचा बारावा गडी. म्हणून लेगला मी.

ही रीत ज्यांना चुकीची वाटते त्यांनी लहानपणी आमच्यासारखं खेळून बघावं. आठ पोरं, चार-चारच्या टीम, अंपायरला वेगळं माणूस आणायचं कुठून? जो आउट होऊन बसला तोच अंपायर. त्यात रडीचा डाव चालायचा, भांडणं व्हायची, स्टंप उपटून घरी न्यायचे प्रकार व्हायचे. पण त्यातूनच कोण कसा आहे ते कळायचं. आमची पहिली बॅट म्हणजे माडाच्या चुडताचा पिडा. बुंध्याकडचा रुंद भाग कोयत्यानं तासायचा, मुठीला सुतळी गुंडाळायची. सुका पिडा हलका असतो, पण बॉल जोरात बसला की उभा चिरतो. बॉल समुद्रात मारला की आउट आणि मारणाऱ्यानंच आणायचा. भिजलेला टेनिस बॉल दगडासारखा जड होतो, नंतर तो ना उसळतो ना लांब जातो. रापण ओढायला आली की खेळ बंद. दोरीला हात लावायचा, वाट्याची चार तारली मिळायची, ती स्टंपाशी पानावर ठेवायची आणि राहिलेली ओव्हर पुरी करायची.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. सहा वर्षांचा असताना मी बॅटिंगसाठी रडायचो, तेव्हा त्यानं मला लेगला उभं केलं. मला वाटलं, शिक्षा केली. तो म्हणाला, "तू फकस्त बघ. कोण काय वरडता ता आयकू नको." अंपायरिंगचं एवढं एकच शिक्षण मला मिळालं. नीट दिसलं नाही तर बॅट्समनच्या बाजूनं द्यायचं, हेही त्यानंच सांगितलेलं. १९९२ च्या नोव्हेंबरात डर्बनच्या कसोटीत सचिन रन आउट झाला. टीव्हीवरचं चित्र बघून आउट दिलेला जगातला तो पहिला बॅट्समन. जाँटी ऱ्होड्सनं बॉल अडवून फेकला होता. सगळे सचिन गेला म्हणून हळहळत होते आणि दादाला वेगळंच अप्रूप. मैदानावरच्या अंपायरनं स्वतः न ठरवता वर विचारलं! कसोटीतला अंपायर विचारतो तर आपल्याला विचारायला कसली लाज, हे त्यानं मला कितीदा ऐकवलं असेल.

त्याच्याबद्दल अजून एक सांगायला हवं. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन, श्रीलंकेविरुद्धची सेमीफायनल आम्ही त्याच टीव्हीवर बघितली. २५२ करायच्या होत्या. १ बाद ९८ होतो. सचिन ६५ वर यष्टिचीत झाला आणि बघता बघता ८ बाद १२०. लोकांनी बाटल्या फेकल्या, आग लावली, मॅच रेफरी क्लाइव्ह लॉइडनं सामना श्रीलंकेला दिला. कांबळी रडत आत गेला. खळ्यातली मोठी माणसं शिव्या घालत होती, कुणी म्हणालं बरं झालं आग लावली. दादा उठला. घरी येताना काळोखात मला एवढंच म्हणाला, "खेळ मोडूचो नाय. हरलो तर हरलो." त्या रात्री तो जेवला नाही. हरलो म्हणून की खेळ मोडला म्हणून, हे मी विचारलं नाही.

आता फायनल.

मुंबईकरांनी आठ ओव्हरमध्ये ६१ केल्या. आमच्या डावात दुसऱ्याच ओव्हरला माझ्याकडे रन आउटचं अपील आलं. तेव्हा मी समुद्राच्या बाजूला होतो, सूर्य पाठीशी, समोर सगळं लख्ख. बॅट रेघेच्या आत हातभर. मी नॉट आउट दिला आणि तो निर्णय आजही शंभर टक्के बरोबर आहे. पण लगेच बोंब झाली. "घरचाच अंपायर! उद्या भाऊ रन आउट झाला तर काय देणार आहे हा?" लाउडस्पीकरवरच्या पोरानं ते माइकमध्ये म्हणून दाखवलं, सगळे हसले. पुढे प्रत्येक ओव्हरला माझ्याजवळ फिल्डिंगला येणारा काहीतरी बोलून जायचा. "बाळा, आईशप्पथ खरं सांगशील ना?" एकजण नुसताच माझ्याकडे बघून हसायचा. आमचे गाववालेसुद्धा मागून म्हणाले, "तेचो भाव उभो आसा थंय, तो काय आउट देतलो?" ते मुंबईकरांना चिडवायला म्हणाले होते. मला मात्र ते जास्त लागलं.

माझे कान तापले होते. दादानं सांगितलेलं, ऐकू नको. मी ऐकत होतो.

सहा वाजून गेले. लाटा माझ्या घोट्यापर्यंत यायला लागल्या. एक लाट गुडघ्यापर्यंत आली तेव्हा मुख्य अंपायर म्हणाले, त्या बाजूला जा. मी पिच ओलांडून सुरूच्या बाजूला आलो. नियमानं त्यात काही चूक नाही, लेग अंपायर दुसऱ्या बाजूला उभा राहू शकतो. शेवटच्या दोन ओव्हर मी तिथून बघितल्या. समोर पश्चिम, खाली आलेला सूर्य आणि त्याखाली चकचकणारं पाणी. तुम्ही संध्याकाळी होडीवरची माणसं बघितली असतील. माणूस कळतो, नाक-डोळे कळत नाहीत. तसे बॅट्समन, कीपर, स्टंप सगळे काळे दिसत होते. मी कुणाला काही बोललो नाही. तिथून दिसत नाही म्हटलं असतं, तर आता भाऊ खेळतोय म्हणून बहाणे करतो, असं म्हटलं असतं त्यांनी.

शेवटच्या ओव्हरला नऊ हव्या होत्या. दादा ३१ वर. तेवढ्यात टीव्हीच्या घरून एक पोर धावत आलं, सचिन नव्वदीत गेला. लाउडस्पीकरवर ते जाहीर झालं आणि उरलेल्यांतली निम्मी माणसं वाळूतून धावत सुटली. पहिल्या बॉलवर दादानं सुरूच्या बाजूला चौकार मारला, माझ्या डोक्यावरून. दुसरा हुकला. तिसरा त्यानं ओढून समुद्राकडे मारला. दोन रन सहज होत्या. फिल्डर पाण्यात शिरला, फेसात हात घालून बॉल काढला आणि तसाच भिजलेला बॉल फेकला. एक रन पुरी झाली होती. दादा दुसरी घेऊन परत माझ्या टोकाला येत होता.

वाऱ्यानं बेल्स राहत नव्हत्या, म्हणून फायनलला बेल्स नव्हत्याच. बॉल किंवा बॉल धरलेला हात स्टंपाला लागला की झालं. वाळूवर बॅट सरकत नाही. सिमेंटवर, मातीवर बॅट घासत पुढे जाते, वाळूत ती रुतते आणि रुतताना वाळू उडवते. दादा वाकला, बॅट पुढे टाकली, वाळू उडाली. कीपरचा काळा हात खाली आला. स्टंपाचा टक्‌ असा आवाज मला स्पष्ट आला. वाळूत रुतणाऱ्या बॅटचा आवाज येत नाही. आधी काय झालं? मला एक आवाज ऐकू आला होता आणि वाळूचा एक झोत दिसला होता.

सगळी टीम ओरडली.

दोन-तीन सेकंद असतील. आउट आहे का, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. नॉट आउट दिला तर हे काय म्हणतील, एवढंच आलं. बोट वर गेलं होतं. दादाच्या जागी दुसरा कुणी असता तर मी नॉट आउट दिला असता. यात मला अजिबात शंका नाही. दिसलं नाही तर बॅट्समनच्या बाजूनं, हे हाडात भिनलेलं होतं. फक्त तो दादा होता म्हणून ते मी त्याला दिलं नाही.

मुख्य अंपायर भला माणूस. ते चालत माझ्याकडे आले, हळूच विचारलं, "नक्की ना रे?" तिथे मला सुटता येत होतं. उन्हामुळे नीट दिसलं नाही, एवढं एक वाक्य पुरलं असतं. डर्बनच्या अंपायरसारखं. मी म्हटलं, "नक्की."

दादानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, मला काही सांगायचं आहे का असं. मग बॅट काखेत घेऊन निघून गेला.

आता जे लिहितो ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. कलंडलेला स्टंप सरळ करायला मी गेलो, ते लेग अंपायरचंच काम. तिथे वाळूत बॅटचा चर होता. टोकाशी वाळूचा छोटा ढीग, ताजा, ओला. आणि रेघा दोन होत्या. आमच्याकडे स्टंपापासून एक बॅट आणि एक वीत मोजून रेघ ओढतात, चार फुटांच्या आसपास भरतं ते. मधल्या सुट्टीत कुणीतरी पुसट झालेली रेघ नव्यानं ओढली होती, जुनी न पुसता. दोन्हींत वीतभर अंतर. दिवसभरात स्टंप कितीदा पडले, कितीदा पुन्हा ठोकले, त्यामुळे कुठली रेघ खरी हे मोजूनही कळलं नसतं. चराचं टोक त्या दोन रेघांच्या मध्ये होतं. पुढची रेघ धरली तर दादा आत. मागची धरली तर बाहेर. आणि आत असला तरी स्टंपाला हात लागायच्या आधी की नंतर, ते वाळूवर लिहिलेलं नव्हतं.

मी पायानं तो चर पुसला.

चालताना पुसला गेला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. स्टंपाशी वावरताना पाय लागणारच ना? नाही. मला पायाचा अंगठा आठवतो, डाव्या पायाचा. वाळू सारखी करताना तो दोनदा फिरवला होता. पंधरा वर्षांच्या पोरानं घाबरून केलं म्हणून सोडून देणारे आहेत, मलाही सोडावंसं वाटतं. पण मी घाबरून बोट वर केलं असेन, चर पुसताना मी घाबरलेला नव्हतो. तेव्हा डोकं थंड होतं.

राहिलेल्या तीन बॉलमध्ये चार हव्या होत्या, दोन झाल्या. एका रननं हरलो. कप आणि एक हजार एक रुपये मुंबईकरांना गेले आणि त्यांच्या कॅप्टननं माइक घेऊन माझं कौतुक केलं. असा अंपायर आम्ही बघितला नाही, म्हणाला. ज्यांनी तासभर मला टोचलं त्यांनीच टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं होतं. ते लपवण्यात अर्थ नाही, खूप बरं वाटलं होतं.

वाडीत त्या रात्री सचिनशिवाय दुसरा विषय नव्हता. १०१ बॉलमध्ये नाबाद १४०. शतक झाल्यावर त्यानं आकाशाकडे बघितलं, ते सांगताना बायामाणसं डोळे पुसत होती. आमच्या फायनलची चर्चा दुसऱ्या दिवशी सुरू झाली, तीही जे टीव्हीसमोर होते त्यांच्यात. मी आउट देताना रडलो, दादानं मला मिठी मारली, या गोष्टी तेव्हाच्याच. असलं काही झालेलं नाही.

झालं ते एवढं. रात्री दादा विहिरीवर आंघोळ करत होता. मी टॉवेल घेऊन उभा. चौथी का पाचवी बालदी अंगावर घेऊन तो थांबला.

"तुका काय दिसला?"

"आउट होतंस."

"मगे झाला."

आईनं तळलेले बांगडे वाढले. तो नेहमी डोक्याकडचा भाग स्वतः घ्यायचा आणि शेपटीकडचा मला द्यायचा, काटे कमी म्हणून. त्या दिवशीही दिला.

पंधरा दिवसांत मृग लागला आणि दादा मुंबईला गेला, एका वर्कशॉपमध्ये नोकरीला. माझ्यामुळे तो गाव सोडून गेला असं काहीजण म्हणतात, त्यांना मी इथे स्पष्ट सांगतो, ती नोकरी एप्रिलमध्येच ठरली होती. आमचा मामा येऊन बोलून गेला होता. तेव्हापासून तो गावात एकदाही बॅट हातात धरून उभा राहिलेला नाही, हे मात्र खरं. दर मेला येतो, पुळणीवर बसून स्कोअर लिहितो. गुडघा दुखतो म्हणतो. गुडघा दुखतो हेही खरं आहे, मी डॉक्टरकडे घेऊन गेलो आहे. मग तुम्ही म्हणाल, पहिल्या पाच वर्षांत कुठे दुखत होता? मला माहीत नाही. मुंबईत कामावरच्या पोरांबरोबर रविवारी खेळायचा, असं वहिनी सांगते. त्यावरून मी काय समजायचं?

आणि माझं काय झालं ते तुम्ही बघताच. पुढची दहा-बारा वर्षं मी पंचक्रोशीचा कायमचा अंपायर. मग मंडळाचा खजिनदार. बांधावरून दोन भावांत भांडण झालं की मला बोलावणं. पिग्मीचं काम मिळालं तेव्हा माझ्यासाठी शब्द टाकणाऱ्यानं माझं शिक्षण सांगितलं नाही, एकच वाक्य सांगितलं, "सख्ख्या भावाक आउट देणारो माणूस आसा." लोक त्या एका वाक्यावर माझ्या हातात पैसे ठेवतात. मी त्या पैशांना कधी धक्का लावलेला नाही. पंधरा वर्षांत एका रुपयाचा हिशेब चुकलेला नाही, चुकला तर पदरचा घातला आहे. मग तो प्रामाणिकपणा खोटा कसा म्हणायचा? कधी वाटतं, ते बोट वर गेलं नसतं तर मी असा झालोच नसतो. कधी वाटतं, तेव्हापासून मी लोक काय म्हणतील याचीच नोकरी करतोय. रोज रात्री हिशेब जुळला की आधी सुटल्यासारखं वाटतं, बरं वाटणं मागाहून येतं.

उलटही असू शकतं, तेही लिहितो. दादा आउट असू शकतो. आवाज मला खरंच आधी आला असेल. पंधराव्या वर्षी माझे कान-डोळे आजच्यापेक्षा चांगले होते आणि डोक्यात काहीही चाललेलं असलं तरी बोटानं बरोबर दिलं असेल. रेघेच्या बाबतीत संशय आला तर मी मागची रेघ का धरू नये? असा वाद मी त्या पोराशी घालतो. तो म्हणतो, मला दिसलं होतं. मी म्हणतो, नव्हतं. त्याच्यापाशी पुरावा नाही आणि असलेला पुरावा त्यानंच पुसला, म्हणून माझ्यापाशीही नाही.

मागच्या मेमध्ये दादा सगळ्यांना घेऊन आला होता. तिथी बघितली, एका संध्याकाळी नवमी होती. मी पुतण्याला आणि माझ्या मुलीला घेऊन पुळणीवर गेलो. तीन स्टंप ठोकले, बेल्स नाहीत. बॅट आणि वीत मोजून रेघ ओढली. मुलगी कीपर, पुतण्या धावणार, बॉल टाकायला शेजारचा पोरगा. मी सुरूच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, सहा वाजून गेल्यावर, तोंडावर ऊन घेऊन. पोरांना वाटलं काका खेळायला आला. दहा वेळा पुतण्या धावला, दहा वेळा मी आउट की नॉट आउट ते सांगितलं आणि मग जाऊन वाळूतला चर बघितला. चार वेळा माझं उत्तर चराशी जुळलं नाही.

अकराव्यांदा मी जागेवर जात होतो तेव्हा दादा झाडांतून खाली आला. कधीपासून बघत होता, माहीत नाही. मला म्हणाला, "तू धाव. मी बघतंय." पुतण्याच्या हातातली बॅट त्यानं माझ्या हातात दिली. मग स्टंपाशी गेला, पोरांच्या पायांनी पुसट झालेली रेघ टाचेनं पुन्हा ओढली. दोन पावलं मागे झाला, बघितलं. परत पुढे आला आणि त्या रेघेच्या पुढे वीतभर अंतर सोडून टाचेनं दुसरी रेघ ओढली.

दोन रेघांचं मी त्याला कधीच बोललो नव्हतो. कुणालाच बोललो नव्हतो.

तो सुरूच्या बाजूला जाऊन उभा राहिला, कपाळावर हात आडवा धरून. मी धावलो. या वयात वाळूत धावणं सोपं नाही. शेवटच्या दोन पावलांना वाकलो, बॅट टाकली, ती रुतली, वाळू डोळ्यांत गेली. मुलीचा हात स्टंपाला लागला. पोरं ओरडली. मी तसाच गुडघ्यावर बसून त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "आउट काय?"

दादा हात कपाळावर तसाच धरून उभा होता. त्याला मी कसा दिसत होतो ते मला माहीत आहे.

"पाणी इला," तो म्हणाला. "स्टंप काढ. चल घराक."